एक फड पडीक

मराठीतल्या काही शब्दांचा स्वभाव जुन्या वाड्यातल्या थोरल्या काकूंसारखा असतो. दारात कोणीही उभे राहिले तरी 'या, बसा' म्हणायचे आणि आलेल्याला घरात सामावून घ्यायचे. 'फड' हा असाच एक शब्द आहे. उसाचा फड असतो, तमाशाचा फड असतो, कुस्त्यांचा फड असतो. पंढरपुरात वारकऱ्यांचे फड आहेत. वासकरांचा फड, देहूकरांचा फड ही नावे वारकऱ्याला नव्याने सांगावी लागत नाहीत. पेशवाईत पुण्याच्या हुजूर दफ्तरात कारकुनांच्या मांडीला मांडी लागून राज्याचे हिशेब चालत, त्या जागेलाही फडच म्हणत. (फडणीस हा शब्द मात्र फारसी 'फर्दनवीस' वरून आला असे जाणते लोक सांगतात. तेव्हा फडणीसांचे फडाशी नाते रक्ताचे नव्हे, मानलेले आहे!) आणि या साऱ्यावर ताण म्हणजे, रात्रीची जेवणे आटोपल्यावर ओट्यावर चार टाळकी जमली, अडकित्त्याचा आवाज सुरू झाला, की तेथे रंगतो तो गप्पांचाही फडच.

हा शब्द वर्गात आला की हमखास एखादा विद्यार्थी विचारतो, ''मॅडम, मग याचा खरा अर्थ कोणता?'' परीक्षेला बसणाऱ्याला एकच खरा अर्थ हवा असतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. मी त्याला मोल्सवर्थसाहेबाच्या कोशाकडे पाठवते. 1831 साली तो कोश पहिल्यांदा निघाला आणि 1857 साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. कचेरी, पेढी, बाजार अशी चारचौघांच्या कामाची जागा साहेबाने या शब्दाखाली नोंदली आहे. गाण्याबजावण्याची बैठक नोंदली आहे. ऊस, मिरच्या, खरबुजे यांचे शेतही नोंदले आहे. विद्यार्थी कोश पाहून परत येतो तो अधिकच गोंधळलेला. मला मात्र त्या गोंधळात एक संगती दिसते. जेथे पुष्कळ माणसे एकत्र येतात, बोलतात आणि बोलता बोलता काही उभे करतात, ती जागा म्हणजे फड. बोलणे निराळे आणि काम निराळे अशी वाटणी या शब्दाने कधी केलीच नाही.

हे सारे आठवण्याचे कारण असे, की आपल्या या जुन्या फडाला अलीकडे अमेरिकेतून नवे बारसे करून मिळाले आहे. संगणकाच्या धंद्यातली मंडळी गेली काही वर्षे मोठ्या उत्साहाने सांगत आहेत, की एकत्र काम करणाऱ्या माणसांचे बोलणे आणि त्यांचे काम ही दोन्ही एकाच सामाईक जागेत असली पाहिजेत. म्हणजे पाहा : एका पडद्यावर कामांची यादी असते. कोणते काम कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत, हे तेथे लिहिलेले असते. कागदपत्रेही तेथेच असतात. आणि त्या कामाविषयी जे काही बोलायचे, विचारायचे, भांडायचे, ते त्याच कामाच्या अंगाला चिकटवून लिहायचे. बोलण्यासाठी एका दुकानात आणि कामासाठी दुसऱ्या दुकानात अशी पायपीट नको.

या नव्या फडांपैकी एका प्रसिद्ध फडाची जन्मकथा मोठी गमतीची आहे. 'ग्लिच' नावाचा एक खेळ संगणकावर खेळण्यासाठी काही मंडळी तयार करीत होती. खेळ चालला नाही. 2012 साली तो बंद करावा लागला. पण तो बनवताना, निरनिराळ्या गावी बसलेल्या त्या मंडळींनी आपसांत बोलण्यासाठी एक साधन घरच्या घरी बनवले होते. खेळ बुडाला आणि ते साधन तरले. 2013 साली ते लोकांपुढे आले आणि पुढे 2021 मध्ये जवळजवळ अठ्ठावीस अब्ज डॉलरना विकले गेले. लग्नातला नवरदेव पळून जावा आणि वाजंत्रीवाल्यांनाच हुंडा मिळावा, तशातला हा प्रकार! त्या साधनाचे नाव 'स्लॅक'. 'सर्व संभाषणाची आणि ज्ञानाची शोधता येण्याजोगी नोंद' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून त्या नावाची फोड केली जाते. पण इंग्रजीत स्लॅक म्हणजे ढिलाई, सैलपणा. कामाच्या यंत्राला ढिलाईचे नाव देणाऱ्याची थट्टा मला प्रथम कळली नाही. आता थोडी थोडी कळते आहे, आणि तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

आमच्या वणीत अशी अमेरिकन साधने वापरणारे फारसे कोणी नाहीत. वणी हे नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्याचे गाव. महाराष्ट्रात आमच्या गावाचे नाव देवीमुळे आहे. पण गंमत अशी, की 'वणीची देवी' बसली आहे सप्तशृंग गडावर, आणि गड आहे शेजारच्या कळवण तालुक्यात. ठिकाण एका तालुक्यात आणि नाव दुसऱ्या तालुक्याचे! देवीला हात अठरा. प्रत्येक हातात निराळे आयुध, आणि तरी एकाचे दुसऱ्याला लागत नाही. अठरा माणसांची समिती चालवणाऱ्या कोणीही एकदा गडावर जाऊन ती मूर्ती शांतपणे न्याहाळावी. अठरा हातांना मन एकच असल्यामुळे देवीला हे जमले असावे. माणसांच्या समितीत अठरा हातांना अठरा मने असतात, आणि ती एकमेकांना कळण्यासाठी बोलणे लागते. साऱ्या कटकटीचे मूळ येथे आहे.

वणीचे बोलणे सध्या चालते ते व्हॉट्सॲपवर. 2009 साली निघालेले हे साधन आमच्याकडे घराघरांत आणि शिवाराशिवारांत पोचले आहे. कांद्याचा आजचा भाव, टोमॅटोची गाडी, गडावरच्या देवीचे आजचे दर्शन, कोणाच्या घरची दुःखद वार्ता आणि कोणाच्या मुलाचा साखरपुडा, हे सारे एकाच ओट्यावर येऊन बसते. मला ते आवडते. पण या ओट्यावर काम बसवले की काय होते, त्याची एक हकीकत आमच्या आळीत मी जवळून पाहिली आहे.

आमच्या शेजारी एक द्राक्षबागाईतदार राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांची बाग सात एकरांची, तीन प्लॉटांत विभागलेली. घरातली माणसे, ट्रॅक्टर चालवणारा गडी, बागेतल्या टोळीचा मुकादम, औषधांचा सल्ला देणारे एक गृहस्थ आणि पुण्याला नोकरी करणारा मुलगा, एवढ्यांचा त्यांनी एक गट केला होता. ऑक्टोबरच्या छाटणीनंतरचे दिवस होते. वाचकांपैकी ज्यांनी द्राक्षे फक्त पाटीत पाहिली आहेत त्यांच्यासाठी सांगते : छाटणीनंतर कोवळी फूट येते, त्या वेळी पाऊस म्हणजे बागाईतदाराच्या काळजाचे पाणी. ओल राहिली की डावणी नावाचा बुरशीचा रोग पानांवर येतो, घड धरण्याच्या वयातच त्यांना गिळतो. पाऊस येण्यापूर्वी आणि येऊन गेल्यावर फवारणी वेळेवर व्हावी लागते. येथे दिवसाचे काम उद्यावर टाकता येत नाही. कधी कधी सकाळचे काम दुपारवरही टाकता येत नाही.

आभाळ भरून आले होते. काका लग्नाच्या बोलणीसाठी परगावी गेलेले. त्यांनी गटावर विचारले, ''खालच्या प्लॉटला फवारणी झाली का?'' तेवढ्यात काकूंच्या भावाने घरी चाललेल्या देवीच्या आरतीविषयी विचारले, ''आरती झाली का?'' मग कोणीतरी सुनेच्या माहेरच्या बाळाचा फोटो टाकला. त्याखाली चौघांनी हात जोडले, दोघांनी फुले वाहिली. आणि या सर्वांच्या खाली धाकट्याने एकच शब्द लिहिला, 'झाली'. आरती झाली होती. काकांनी वाचले, फवारणी झाली. रात्री पाऊस आला. दोन दिवसांनी काका परत आले तेव्हा खालच्या प्लॉटच्या पानांवर तेलाचे डाग पडावेत तसे पिवळे डाग दिसू लागले होते.

त्या 'झाली' चा जाब कोणाला विचारणार? धाकटा खोटे बोलला नव्हता. काकांनी वाचण्यात आळस केला नव्हता. आरतीही व्हायलाच हवी होती आणि बाळाचा फोटोही यायलाच हवा होता. दोष एवढाच, की उत्तर आपल्या प्रश्नापासून सुटे झाले आणि दुसऱ्या प्रश्नाच्या घरी जाऊन बसले. प्रत्यक्षात काका बागेच्या बांधावर उभे राहून बोटाने खालचा प्लॉट दाखवून विचारते, तर 'झाली' या शब्दाला दुसरा अर्थ येताच ना. कारण तेथे बोलणे आणि काम एका जागी असते. बोलण्याला जागेचा टेकू असतो.

पुढे मुलाने पुण्याहून एक सोय करून दिली. तीन प्लॉटांना तीन रकाने. त्या प्लॉटची छाटणी, फवारणी, विरळणी, जे काही झाले ते त्या रकान्यात, तारखेसह. आणि त्याबद्दलचा प्रश्न आणि उत्तरही तेथेच. आरतीसाठी जुना गट तसाच ठेवला. काकांनी प्रथम कुरकूर केली. पण एके दिवशी मलाच समजावून सांगू लागले, ''मॅडम, पाहुण्यांना बैठकीत बसवायचं आन् खतं शेडमधी ठेवायची. एवढंच आहे हे.'' यापेक्षा चांगली व्याख्या मला कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

काकांना हे लवकर पटले याला आणखीही एक कारण होते. युरोपला द्राक्षे पाठवणाऱ्या बागाईतदारांना नोंदीचे महत्त्व आधीच कळलेले आहे. 2006 साली 'अपेडा' या सरकारी संस्थेने 'ग्रेपनेट' नावाची व्यवस्था सुरू केली. निर्यातीची बाग तिच्यात नोंदवायची, बागेतल्या मालाचे नमुने प्रयोगशाळेत तपासायचे, आणि पेटी परदेशात पोचली तरी ती कोणत्या बागेतली हे मागे मागे जाऊन शोधता यावे अशी ती योजना. तरीही 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधक द्रव्याचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षे युरोपात अडकली आणि नाशिक जिल्ह्यातल्या अनेक घरांची दिवाळीच नव्हे तर पुढची दोन-तीन वर्षे काळवंडली. बागेत काय मारले, केव्हा मारले आणि कोणाच्या सांगण्यावरून मारले, हे ओट्यावरच्या बोलण्यात विरून जाऊ द्यायचे नसते, हा धडा या भागाने फार मोठी फी भरून घेतला आहे.

अशा गावात राहून भाषा शिकवणाऱ्या माणसाने तरी मागे का राहावे? आम्ही काही प्राध्यापक आणि पंचवीस-तीस विद्यार्थी मिळून आसपासच्या बोलींतले शब्द गोळा करीत होतो. आमच्याकडे मुले येतात ती दिंडोरीची, कळवणची, सुरगाण्याची, पेठची. कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या घरी कोकणा आदिवासींची बोली. वर्गात येताना ही सारी मुले आपापली बोली चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतात आणि पुस्तकी मराठी पायात घालून आत येतात. ती आवळते, पण बोलून दाखवीत नाहीत. त्यांनी दाराबाहेर ठेवलेले थोडे तरी आत आणावे, एवढाच आमचा हेतू.

आरंभी शब्द आले ते व्हॉट्सॲपच्या गटावर. एकाने शब्द टाकायचा, दुसऱ्याने अर्थ, तिसऱ्याने वाढदिवसाच्या शुभेच्छा. महिन्याअखेरीस चारशे शब्द जमले होते म्हणतात; हाती लागले दीडशे. मग एका तरुण सहकाऱ्याने सर्वांसाठी संगणकावर सामाईक जागा तयार केली. एका शब्दाला एक ओळ. शब्द, गाव, अर्थ, कोणी सांगितला. आणि प्रत्येक ओळीच्या कडेला, वहीच्या समासात लिहावे तशी, त्या शब्दाविषयी बोलण्याची जागा.

एके दिवशी बैठकीत 'पावरी' हा शब्द निघाला. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आवाज मोठा आणि अभ्यासही मोठा. ते म्हणाले, ''पावरी म्हणजे पावा. बासरीचाच प्रकार. लिहा.'' सर्वांनी माना हलवल्या. बैठकीत असेच होते. मोठ्या आवाजाच्या वाऱ्याने मानांची पिके एका बाजूला झुकतात. ओळ लिहिली गेली, पुढचा शब्द निघाला.

सुरगाण्याकडची एक मुलगी आमच्या वर्गात आहे. दोन वर्षांत तिचा आवाज मी हजेरीच्या वेळीच ऐकला असेल. त्या बैठकीतही ती मागच्या बाकावर बसून होती आणि इतरांबरोबर तिनेही मान हलवली होती. दुसऱ्या दिवशी 'पावरी' च्या ओळीशेजारी समासात तिचा मजकूर आला होता. फार लांब नव्हता. पावरी म्हणजे बासरी नव्हे. तिला भोपळा लागतो, बांबू लागतो. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात ती वाजते, आणि वाजवणारा माणूस गावात मानाचा असतो. खाली तिने आपल्या मामांनी वाजवलेल्या पावरीचा आवाज जोडला होता. आम्ही तो ऐकला. ज्येष्ठ सहकाऱ्यांनीही ऐकला; दोनदा ऐकला. मग त्यांनी स्वतःच ती ओळ दुरुस्त केली आणि समासात लिहिले, ''मुली, मामांना माझा नमस्कार कळव.'' मोठ्या माणसाचे मोठेपण केवळ आवाजात नसते, हेही त्या दिवशी समासात नोंदले गेले.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ती संग्रहाची पुस्तिका छापली गेली असती तर त्या मुलीच्या गावचे वाद्य पुढच्या पिढीला बासरी म्हणून ठाऊक झाले असते, आणि एके दिवशी तिच्याच गावचे एखादे मूल परीक्षेत 'पावरी : पावा' लिहून गुण मिळवून आले असते. तोंडी फडात ज्याचा गळा मोठा त्याचे पीक चांगले. कामाशेजारी लिहायला जागा मिळाली तेव्हा ज्याला ठाऊक आहे त्याचे म्हणणे टिकले. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्याला रात्री घरच्या दिव्याखाली, आठवून, मामांना विचारून बोलता आले. बोलणे आणि काम एका जागी आणण्याचा लाभ मोठ्या कंपन्यांना किती होतो तो होवो. मला तो या एका ओळीत दिसला.

येथेच हा निबंध संपवता आला असता, तर मी या नव्या फडाची भाट ठरले असते. पण पुढचा भागही सांगितला पाहिजे.

सोय चांगली ठरली की माणसे ती सगळीकडे लावतात. शब्दसंग्रहाची सामाईक जागा पाहून इतर कामेही हळूहळू तेथे आली. वेळापत्रक आले, परीक्षेची कामे आली, समित्या आल्या. कामे खरोखरच वेळेवर होऊ लागली. 'मला कोणी सांगितलेच नाही' हे शिक्षकवर्गाचे आवडते वाक्य ऐकू येईनासे झाले. परंतु त्याबरोबर आणखीही काही ऐकू येईनासे झाले. मधल्या सुट्टीत चहाच्या टेबलाशी जो कोलाहल असे, तो ओसरला. बोलायचे होते ते समासात लिहून झाले होते. आमच्यात एक गृहस्थ फार मार्मिक बोलतात. सामाईक जागेत मात्र ते 'ठीक', 'पाहिले', 'होईल' एवढेच लिहीत. मी एकदा विचारले, तर म्हणाले, ''विनोद केला तर तो कायमचा दफ्तरात जाणार. पाच वर्षांनी कोणी काढून विचारले, यात हसण्यासारखे काय आहे, तर मी काय सांगू?''

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ओट्यावरच्या बोलण्याला एक मोठी सवलत असते : ते विरून जाते. माणूस अर्धवट विचार बोलून पाहतो, रागावून बोलतो, मग चहा पिऊन निराळे बोलतो. नोंद ठेवणाऱ्या जागेत ही सवलत नाही. तेथे प्रत्येक शब्दाला तारीख आणि वेळ चिकटते. कोणी केव्हा वाचले हेही बहुधा दिसते. पूर्वी काम कचेरीत असे आणि आपण तिला कुलूप लावून घरी येत असू. आता फड खिशात असतो आणि रात्री साडेदहाला तो खणखणतो.

इतिहासाची आवड असलेले वाचक यावर म्हणतील, नोंद राहते हे चांगलेच नाही का? पुण्याच्या पेशवे दफ्तरातले निवडक कागद रियासतकार सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात 45 खंडांत छापले. त्या कागदांत मोहिमेचा खर्च आहे तसे आजारपण आहे, कर्जाची चिंता आहे, व्रत आहे, रुसवा आहे. काम आणि बोलणे यांची गुंफण तेथे आहे म्हणूनच त्या काळाची माणसे आपल्याला दिसतात. हे मला मान्य आहे. पण त्या पत्रलेखकांना आपण दोनशे वर्षांनी छापले जाणार हे ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर त्यांनीही 'ठीक', 'पाहिले', 'होईल' एवढेच लिहिले असते, आणि सरदेसायांना 45 खंडांऐवजी एक पातळ चोपडी काढावी लागली असती!

मग करावे काय? बोलणे आणि काम जवळ आणावे, की दूर ठेवावे? या पेचाचे उत्तर मला 'फड' या शब्दानेच दिले. त्याचा एक अर्थ मी आरंभी मुद्दाम सांगितला नाही. तो आमच्या जिल्ह्याचा खास अर्थ आहे.

वणीहून कळवणमार्गे सटाण्याकडे गेले की बागलाण लागते. बागलाणातल्या मोसम, आरम या नद्या आणि पलीकडे धुळे जिल्ह्यातली पांझरा, यांच्या काठी शेतीला पाणी देण्याची एक जुनी रीत तीन-चारशे वर्षे चालत आलेली आहे. तिला फड पद्धत म्हणतात. नदीला बंधारा घालायचा, पाटाने पाणी काढायचे, पाटातून चाऱ्या, आणि चाऱ्यांखाली जमिनीचे मोठे मोठे तुकडे. प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात एकच पीक. कोणत्या फडात ऊस, कोणत्या फडात हंगामी पीक, हे एकेकट्या शेतकऱ्याने ठरवायचे नाही. साऱ्या पाणीवाटपकऱ्यांनी एकत्र बसून, नदीला यंदा पाणी किती हे पाहून, बोलून ठरवायचे. पाणी सोडायला पाटकरी, पिकावर नजर ठेवायला जागल्या. त्यांची मजुरी सर्वांनी मिळून द्यायची. धरणे झाली, विहिरींवर यंत्रे बसली, आणि ही रीत पुष्कळ ठिकाणी क्षीण झाली. पण तिच्यामागचे शहाणपण क्षीण होण्यासारखे नाही. सामाईक जागा, सामाईक बोलणे आणि प्रत्येकाचे ठरलेले काम हे तिघे तेथे बांधाला बांध लावून नांदत होते.

या रीतीतली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. बैठकीत कोणत्या फडात काय पेरायचे हे जसे ठरे, तसे कोणता फड पडीक ठेवायचा हेही ठरे. पडीक फड कोणाच्या आळसामुळे राहत नसे. तो सर्वांनी विचार करून, ठराव करून पडीक ठेवलेला असे. पाणी मोजके आहे आणि जमिनीलाही विसावा लागतो, हे जाणून. आणि पुढच्या वर्षी त्याच विसावलेल्या फडातून पीक उभे राही.

गप्पा म्हणजे माणसांच्या एकत्र कामातला पडीक फड आहे, असे मला वाटते. त्यातून त्या दिवशी काही निघत नाही. त्याची नोंद नको, तारीख नको, जागल्या नको. पण ज्या माणसांनी एकत्र चहा पिताना एकमेकांची थट्टा केलेली असते, त्यांनाच कामाच्या समासात 'हे चुकले आहे' असे न घाबरता लिहिता येते, आणि दुसऱ्याने तसे लिहिले तर ते न रागावता वाचता येते. सर्व जमीन पाण्याखाली आणून बारा महिने ऊस काढणाऱ्यांच्या शिवारात पुढे काय होते ते पश्चिम महाराष्ट्राच्या खारवटलेल्या रानांनी दाखवलेच आहे. बोलण्याची सारी जमीन कामाच्या पाण्याखाली आणली तर माणसेही तशीच खारवटतात. स्लॅक असे नाव ठेवणाऱ्याला ढिलाईचे हे मोल ठाऊक होते की नव्हते कोण जाणे. नाव मात्र त्याने नेमके ठेवले.

आम्ही आमच्यापुरता एक साधा नियम केला आहे. ज्या बोलण्याने काम बदलते, ते बोलणे कामाशेजारी लिहायचे. त्यात कंजूषी नाही, भीड नाही. बाकीच्या बोलण्यासाठी रोज मधल्या सुट्टीतली वीस मिनिटे. त्या वेळी टेबलावर चहा असतो आणि सर्वांचे फोन कपाटात. मार्मिक बोलणारे आमचे गृहस्थ आता पूर्वीसारखे बोलू लागले आहेत. सुरगाण्याची ती मुलगी परवा काही विचारायला आली असता त्यांच्या एका कोटीवर खुदकन हसली. तिने काय विचारले ते समासात आहे. ती हसली याची नोंद कोठेही नाही, आणि ती नसावी हेच बरे.